लॅपटॉपचा ताप : कोणाला किती सोसवतो?

आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाची नजर जशी पुनःपुन्हा तापमापकाकडे जाते, तशी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझी नजर लॅपटॉपच्या पडद्यावरील एका कोपऱ्याकडे जात असे. प्रोसेसरचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य गणकाचे, उष्णतामान दाखविणारी एक आज्ञावली मी हौसेने बसवून घेतली होती. सकाळी तेथे ५५ हा आकडा दिसे, दुपारी ७८. आणि भाषांतराच्या कामाबरोबर एखादी दूरस्थ बैठक चालू झाली की आकडा ९२वर जाई. पाणी १०० अंशांना उकळते, हे शाळेत शिकलेले. तेव्हा ९२ म्हणजे अरिष्टच, असे वाटून मी हातातले काम थांबवी आणि टेबलावरचा पंखा स्वतःकडून काढून यंत्राकडे वळवी.

रात्री मात्र मी निश्चिंत असे. काम आटोपले की चालूच असलेला लॅपटॉप गादीवरील गोधडीवर ठेवावयाचा, चार्जर जोडावयाचा आणि झोपावयाचे, असा क्रम होता. आकडा तेव्हा ४८च्या वर जात नसे. आमच्या दिल्लीच्या घरात खोल्या दोनच. त्याच गादीच्या दुसऱ्या टोकाला माझी पाच वर्षांची मुलगी झोपलेली असे.

जूनच्या आरंभी लॅपटॉपचे झाकण नीट मिटेना. बोट फिरवावयाचा टचपॅड एका बाजूने उचलला गेला होता. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने मागचा पत्रा काढला, तेव्हा आतली चपटी बॅटरी पावासारखी फुगून वर आलेली दिसली. मी त्याला ९२ अंशांची हकीगत सांगू लागलो. तो हिंदीत जे बोलला, त्याचा आशय असा : “प्रोसेसरची चिंता तुम्ही कशाला करता? तो आपले आपण पाहून घेतो. ही बिचारी मुकी आहे. हिला त्रास होतो, तो ही सांगत नाही.”

ह्या एका वाक्याने माझ्या सर्व समजुतीची दिशाच बदलली. लॅपटॉपमधील प्रत्येक भागाची उष्णता सोसण्याची शक्ती वेगळी असते. जो भाग सर्वांत अधिक तापतो, तोच सर्वांत अधिक सोसतो. आणि ज्याला थोडी उष्णताही बाधते, त्याच्याकडे आपले लक्ष नसते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज एकच लॅपटॉप मुलांचा अभ्यास, वडिलांचे कार्यालयीन काम व घरातील सर्व छायाचित्रे सांभाळीत असेल. त्यांनी माझी चूक करू नये, म्हणून हे प्रकरण थोडे सविस्तर सांगतो.

प्रथम प्रोसेसरचा विचार करू. नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म विद्युत्‌-खटके एका सेकंदात कोट्यवधी वेळा उघडझाप करतात. त्यांना पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेतच परिवर्तित होते. हा तुकडा किती तापू द्यावयाचा, त्याची कमाल मर्यादा निर्माता स्वतःच ठरवून देतो. इंटेलच्या कोअर आय-५ ८२५०यू ह्या लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ७ ५८००एच ह्याच्यासाठी १०५ अंश. अलीकडील बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरांची मर्यादा साधारणपणे ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान आढळते. पाण्याच्या उत्कलनबिंदूशी तिचा काही संबंध नाही. सिलिकनच्या आत उकळावयास पाणी नसतेच.

ही मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. वेग कमी झाला की वीज कमी लागते आणि उष्णताही घटते. इतके करूनही उष्णतामान वाढतच राहिले, तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. ही व्यवस्था पूर्वी सर्व प्रोसेसरांत नव्हती. २००१ साली एका संगणकविषयक प्रकाशनाने टेबलावरच्या संगणकांवर एक धाडसी प्रयोग करून त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. चालू यंत्रातील प्रोसेसरवर बसविलेला, उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा त्यांनी काढून घेतला. तेव्हा एका जातीचा प्रोसेसर क्षणार्धात धूर सोडून कायमचा निकामी झाला. पेंटियम ४ मात्र केवळ मंद झाला व काम करीत राहिला. आजच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर ह्या दुसऱ्या प्रकारचे आहेत. यास्तव जड काम चालू असताना ८५ किंवा ९० अंश दिसले, तरी घाबरून जावयाचे कारण नाही. काही विशेष काम नसतानाही आकडा ८०च्या आसपास रेंगाळत असेल, किंवा साध्या कामातही तो मर्यादेला टेकून यंत्र रखडत असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. बहुधा पंख्यात धूळ साचलेली असते, अथवा प्रोसेसर व तांब्याचा पत्रा यांच्यामधील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो.

ह्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेली चपटी नळी मोठी मनोरंजक वस्तू आहे. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तिचा एक पूर्वज तयार केला. लॅपटॉपमधील नळीत बहुधा थोडेसे पाणी असते आणि हवा काढून टाकलेली असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तेथे निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंखा त्या थंड टोकावर वारा घालतो. पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर बसला, की ही सारी योजना फुकट जाते. पाण्याचा पंप उत्तम आणि नळ तुंबलेला, अशी स्थिती होते.

ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावरील चित्रे रेखाटणारा गणक, हा प्रोसेसरचाच भाऊबंद. तीव्र कामात त्याने ८० ते ८७ अंश गाठणे नित्याचे आहे, आणि तोही वेळ आली की आपला वेग आवरतो. मेमरीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यातील प्रत्येक माहितीकण म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. डीडीआर-४ जातीच्या मेमरीत ८५ अंशांपर्यंत ही फेरी दर ६४ मिलिसेकंदांत एकदा पुरी करतात. ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान गळती वाढते, म्हणून ती दर ३२ मिलिसेकंदांत करावी लागते. म्हणजे मेमरीलाही सोसण्याची सोय आहे. फक्त कष्ट दुप्पट पडतात.

आता आपली छायाचित्रे व कागदपत्रे जेथे राहतात, त्या साठवणीकडे वळू. जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला निर्माते सामान्यतः ६० अंशांची कमाल मर्यादा देतात. घरगुती वापराच्या एसएसडीला बहुधा ७० अंशांची. एसएसडीही फार तापली की प्रोसेसरप्रमाणे स्वतःला मंद करते. हार्ड डिस्क मात्र तसे करीत नाही. तिच्याविषयी एक समज असा होता की, जितकी थंड तितकी दीर्घायुषी. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम उष्णतामानात उष्णतेचा आणि नादुरुस्तीचा संबंध पूर्वी मानला जाई त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे, किंबहुना अतिशय थंड राखलेल्या डिस्काही अधिक बिघडतात, असे त्यांना आढळले. उष्णतेचा त्रास दिसला, तो फार वरच्या उष्णतामानात व जुन्या डिस्कांत. तात्पर्य, हार्ड डिस्क ४५ अंशांवर असेल तर स्वस्थ असावे. ती ५५ची सीमा ओलांडू लागली तर उपाय शोधावा. आणि कोणत्याही उष्णतामानात तिच्यातील मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावीच.

येथवर आपण ६०, ७०, ८५, १०० असे आकडे पाहिले. आता त्या मुक्या भागाकडे येऊ.

लॅपटॉपमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली, आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोसेसर ही विजेची रचना आहे. बॅटरी ही रसायनांची. रसायनांच्या ठायी उष्णतेचा नियम निराळा असतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांटे अर्‍हेनियस यांनी १८८९ साली उष्णतामान व रासायनिक क्रियेचा वेग यांचे गणित मांडले. त्यावरून एक ढोबळ अडाखा बांधतात : उष्णतामान १० अंशांनी वाढले, की पुष्कळशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. बॅटरी झिजविणाऱ्या क्रियाही त्यांतच आल्या.

म्हणून अशा बॅटरीला चार्ज करण्यासाठी सामान्यतः शून्य ते ४५ अंश एवढाच टापू सुरक्षित मानतात, आणि वापरण्यासाठी ६० अंशांपर्यंतचा. परंतु मर्यादेच्या आत असणे निराळे आणि सुखात असणे निराळे. बॅटरीविषयक माहितीत वारंवार उद्धृत होणारा एक अंदाज पाहण्यासारखा आहे. सुमारे ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर २५ अंशांत ठेवली, तर वर्षाअखेर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. ४० अंशांत ठेवली, तर ८५ टक्के. हीच बॅटरी पूर्ण भरून वर्षभर ठेवली, तर २५ अंशांत ८० टक्के आणि ४० अंशांत केवळ ६५ टक्के क्षमता उरते. म्हणजे उष्णता हा एक शत्रू आणि सदैव पूर्ण भरलेली अवस्था हा दुसरा. हे दोघे एकत्र आले, की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने सरते. गोधडीवर ठेवलेला, चालू असलेला आणि रात्रभर चार्जरला जोडलेला माझा लॅपटॉप त्या दोघांच्या भेटीची जणू ठरवून दिलेली जागाच होती.

झीज होताना बॅटरीच्या आतील द्रावाचे विघटन होऊन वायू तयार होतो. बॅटरीची पिशवी हवाबंद असल्यामुळे ती फुगते. अशा फुगलेल्या बॅटरीवर दाब आला किंवा तिला टोक लागले, तर आतील पातळ पडदा फाटून ती पेटू शकते. ती एकदा पेटली म्हणजे स्वतःच्याच उष्णतेने अधिकाधिक पेटत जाते. माझी बॅटरी चार वर्षांची होती. वय, उष्णता आणि भरलेली अवस्था यांपैकी कोणाचा वाटा किती, हे सांगता यावयाचे नाही. परंतु ती कोणत्या गादीवर फुगत होती, हे आठवले की अद्यापि अंगावर काटा येतो.

ह्या यंत्राच्या संबंधात आणखी एका वस्तूची मर्यादा पाहिली पाहिजे, ती म्हणजे आपली त्वचा. १९४७ साली मॉरित्झ व हेन्रिक्स ह्या दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, ४४ अंशांचा स्पर्शसुद्धा सलग सुमारे सहा तास राहिला, तर त्वचा भाजू शकते. चटका बसत नाही, म्हणून आपण यंत्र मांडीवरून हलवीत नाही, आणि त्यातच फसगत होते. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत फिरनखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, बाळगणाऱ्या लोकांच्या पोटावर व मांड्यांवर तपकिरी जाळीदार डाग पडतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तसेच डाग लॅपटॉप तासन्‌तास मांडीवर ठेवणाऱ्यांना पडल्याचे ह्या शतकात नोंदले गेले. २०१० साली एका वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडमधील बारा वर्षांच्या मुलाचे असे उदाहरण प्रसिद्ध झाले. नावात ‘लॅप’, म्हणजे मांडी, असली तरी ह्या यंत्राची खरी जागा टेबलच होय.

आता खोलीच्या हवेविषयी दोन शब्द. बहुतेक निर्माते आपला लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे सांगतात. हवा १० अंशांनी अधिक गरम असेल, तर आतील भागही सुमारे तितकेच अधिक गरम होतात, कारण पंखा बाहेरचीच हवा आत घेतो. दिल्ली, जयपूर, नागपूर वा चंद्रपूर येथील मे महिन्यातील दुपारी निर्मात्याची ही अट आपण बसल्या जागी मोडलेली असते. उलट, लेहसारख्या ठिकाणी उन्हाळा सौम्य असूनही यंत्र तापते. कारण सुमारे ३५०० मीटर उंचीवरील हवा समुद्रसपाटीवरील हवेपेक्षा जवळजवळ एकतृतीयांशाने विरळ असते आणि ती उष्णता कमी वाहून नेते. कित्येक निर्माते आपल्या यंत्राची हमी ३००० मीटर उंचीपर्यंतच्या वापरापुरतीच देतात. तेथील हिवाळ्यात आणखी एक पथ्य आहे : शून्याखालच्या उष्णतामानात बॅटरी चार्ज करू नये, कारण लिथियम धातू आतल्या पत्र्यावर साचून तिला कायमची इजा होते. यंत्र खोलीच्या उबेत येऊ द्यावे, मग चार्जर जोडावा.

वाचकांनी पुढील आकडे वहीत टिपून ठेवावेत :

प्रोसेसर : जड कामात ९० अंशांपर्यंत चालेल, कमाल मर्यादा साधारणपणे ९५ ते १०५.
ग्राफिक्स चिप : ८७ अंशांपर्यंत नित्याचे.
मेमरी : ८५ अंशांपर्यंत सुखात.
एसएसडी : कमाल ७०, ६०च्या आत असावी.
हार्ड डिस्क : कमाल ६०, ५०च्या आत असावी.
बॅटरी : चार्ज करताना कमाल ४५; शक्यतो ३५च्या आत असावी.
खोलीची हवा : ३५ अंशांपर्यंत.

ह्या आकड्यांसाठी फारसा खर्च करावा लागत नाही. लॅपटॉप टेबलावर, निदान एखाद्या सपाट फळीवर ठेवावा; मागील कड दोन बोटे उचलली तर हवा अधिक खेळते. गादी, उशी, गोधडी ही मुलांना ऊब देण्यासाठी आहेत, यंत्राला नव्हे. वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, पंखा साफ करून घ्यावा. घरी हवा मारून धूळ काढावयाची असेल, तर यंत्र बंद करून पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. जोराच्या झोताने पंखा भरधाव फिरला, तर त्याचीच हानी होते. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय आता अनेक लॅपटॉपांत असते. यंत्र सदैव चार्जरला जोडलेले राहत असेल, तर ती अवश्य सुरू करावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हवा सहज ५० अंशांच्या पुढे जाते; तेथे लॅपटॉप ठेवू नये. तापलेला लॅपटॉप शीतकपाटात ठेवण्याचा उपायही करू नये. आत दव धरते आणि रोगापेक्षा औषध भारी पडते.

आणि महिन्यातून एकदा यंत्र मिटवून, सपाट टेबलावर ठेवून, डोळे त्याच्या पातळीवर आणून पाहावे. ते डुलते आहे काय? टचपॅड वर आला आहे काय? झाकणात फट राहते काय? यांपैकी काही दिसले तर यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, फुगवटा दाबू वा टोचू नये आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. धूर दिसू लागला, तर मात्र यंत्राशी झटत बसू नये. सर्वांनी खोलीबाहेर पडावे व अग्निशमन दलास बोलवावे.

माझ्या लॅपटॉपला नवी बॅटरी बसली. ज्याच्यासाठी मी महिनाभर पंखा वळवीत होतो, त्या प्रोसेसरला काडीचीही इजा झालेली नव्हती. हा मजकूरही त्यानेच लिहून घेतला आहे. पडद्यावरचा तो आकडा मी आता काढून टाकला आहे. रात्री लॅपटॉप टेबलावर असतो, बंद असतो आणि चार्जर भिंतीपासून सुटा असतो. गोधडी मुलीच्या अंगावर असते.